शिरेतून भरवलेला घास

ऑपरेशनं उत्तम झाली होती. तरीही १९६१ मध्ये फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात एका शनिवार-रविवारी तीन रुग्ण दगावले. नवखा डॉक्टर स्टॅन्ली डुड्रिक खचून गेला. वरिष्ठांनी समजावलं: शस्त्रक्रिया चुकली नव्हती, त्या माणसांची उपासमार झाली होती.

ज्याचं आतडं बंद पडलंय त्याला भरवायचं कुठून? साध्या ग्लुकोजच्या एका बाटलीत, म्हणजे लिटरभरात, जेमतेम २०० कॅलरी. दिवसाला दहा बाटल्या चढवल्या तर फुप्फुसात पाणी भरणार. घट्ट द्रावण दिलं तर हाताची शीर सुजून बंद पडणार. प्रोफेसर जोनाथन ऱ्होड्स या कोड्याशी वर्षानुवर्षं झगडत होते. डुड्रिक त्यांच्याच हाताखाली कामाला लागला. वाट सापडली ती हृदयाच्या तोंडाशी. तिथल्या मोठ्या शिरेत रक्ताचा लोट इतका, की घट्ट द्रावणही क्षणात पातळ होतं.

पण एवढ्यावर जीव नुसता तगेल, की वाढेलही? बीगल जातीच्या सहा पिल्लांना ७२ ते २५६ दिवस सगळं पोषण फक्त शिरेतून दिलं: ग्लुकोज, प्रथिनांचे घटक, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वं. तोंडाने खाणाऱ्या आपल्या भावंडांच्या बरोबरीने ती वाढली!

१९६७ मध्ये फिलाडेल्फियाच्याच बाल रुग्णालयात एक तान्ही मुलगी आली. लहान आतडं जवळजवळ नव्हतंच. वजन दोन किलोच्याही खाली उतरलेलं. डुड्रिक आणि डग्लस विल्मोर यांनी मानेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयाजवळ नेली. नळीचं बाहेरचं टोक कातडीखालून सरकवत कानामागे काढलं. जंतू आत शिरायला वाट लांब पडावी म्हणून. बाळाचं वजन वाढलं, उंची वाढली, डोक्याचा घेरही वाढला. जवळपास २२ महिने ती जगली. ती वाचली नाही, पण तिच्यामागून आलेली असंख्य मुलं वाचली.

पुढे उत्साहाच्या भरात गरजेपेक्षा जास्त भरवलं गेलं, साखर चढली, जंतुसंसर्ग झाले. २०११ मध्ये बेल्जियममधल्या ४,६४० रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं, की आयसीयूत शिरेतून पूरक अन्न देण्याची घाई न केलेले रुग्ण लवकर सावरले. म्हणून आज आतडं चालत असेल, तर शक्यतो पहिल्या २४ ते ४८ तासांत नाकातल्या नळीनेच अन्न सुरू करतात.

आपलं माणूस आयसीयूत असेल, तर ऑक्सिजन, बीपी विचारतो तसंच डॉक्टरांना हेही जरूर विचारा: आज पेशंटला किती अन्न गेलं?