आंदणात गेलेली मुंबई आणि रुसलेली वसई

वसईच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कनांच्या चर्चचं छप्पर केव्हाच गेलंय. आत शिरलं की पायाखाली येतात त्या थडग्यांवरच्या शिळा. वर घराण्यांची चिन्हं कोरलेली, खाली पोर्तुगीज मजकूर. अक्षरं पावसाने झिजली असली तरी ‘दोम’ नि ‘दोना’ अजून ओळखू येतात. ही मंडळी गावंच्या गावं बाळगून होती. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या अमलाखालचा मुलूख पोर्तुगीजांना तोडून दिला, तेव्हापासून मुंबईची बेटंही वसईच्याच खात्यात. वसईला उत्तरेचा दरबार म्हणत. मुंबई म्हणजे त्या दरबाराच्या पदरातली माडांची नि भाताची वाडी. ती राजकन्येच्या लग्नात परस्पर आंदण दिली गेली, तेव्हा वसईकरांचं मत कुणी विचारलं नव्हतं.

राजकन्या म्हणजे ब्रगांझा घराण्याची कातारिना, इंग्रजांची कॅथरीन. जन्म १६३८चा. ती दोन वर्षांची असताना वडील स्पेनचा अंमल झुगारून पोर्तुगालचे राजे झाले आणि स्पेनशी लढाई जुंपली, ती पुढे अठ्ठावीस वर्षं. १६५६मध्ये वडील वारले. गादीवर आला तेरा वर्षांचा भाऊ आफोन्सो, लहानपणीच्या दुखण्याने एक बाजू अधू झालेला. कारभार आईकडे, राणी लुईसाकडे. तिला स्पेनविरुद्ध फौज हवी होती. तिकडे वनवास संपवून नुकताच गादीवर बसलेला इंग्लंडचा दुसरा चार्ल्स कर्जात बुडालेला. २३ जून १६६१ रोजी करार झाला. मुलीबरोबर वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेतलं तांजीर, आपली मुंबई आणि व्यापाराच्या सवलती. बदल्यात इंग्रजी सैनिक. एक कलम गुप्त होतं : हिंदुस्थानातला पोर्तुगीज मुलूख डचांपासून राखायला इंग्रजांनी मदत करायची. २१ मे १६६२ला पोर्ट्समथला लग्न लागलं, तेही दोनदा. आधी कॅथलिक पद्धतीने गुपचूप, मग इंग्रजी चर्चच्या रीतीने चारचौघांत.

मुंबई ताब्यात घ्यायला पाच इंग्रजी जहाजं त्याच वर्षी सप्टेंबरात आली. नवे पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियु दि मेलु दि काश्त्रु त्याच ताफ्यातून आले होते. पण उतरल्यावर त्यांनी कागद काढले. इंग्रजांचं अधिकारपत्र रीतसर नाही, हे एक. साष्टी आणि ठाणंही आंदणातच, असं इंग्रज म्हणतात, ते आम्हांला मान्य नाही, हे दुसरं. टाळायचं ठरलं की कागदात खोट सापडतेच. इंग्रज तुकडीचा प्रमुख सर अब्राहम शिपमन आपले चारशेवर सैनिक घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसला आणि तिथल्या पावसापाण्यात, तापात माणसं मरत गेली. एप्रिल १६६४मध्ये तो स्वतःही गेला. शंभराच्या आसपास उरले, त्यांचा म्होरक्या झाला त्याचा चिटणीस हंफ्री कुक.

१८ फेब्रुवारी १६६५ला अखेर ताबा मिळाला. जागा होती दोना इनेस दि मिरांदा या विधवा मालकिणीचा वाडा. आज तिथे नौदलाचं आंग्रे ठाणं आहे. ताब्याच्या शंभर वर्षं आधी ही जागा गार्सिया दा ओर्ता या वैद्याकडे होती, इथल्या झाडपाल्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या. कुकने रिवाजाप्रमाणे माती आणि दगड हातात घेतले, बुरुजांवरून फिरला आणि बेट इंग्रजांचं झालं. लिस्बनच्या पोरीचं आंदण असं मुंबईतल्या एका बाईच्या दिवाणखान्यात पोचतं झालं. इंग्रज मुंबईत बसले त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला असं समजा, अशा अर्थाचं पत्र व्हाइसरॉयने राजाला आधीच धाडलं होतं. कुकने लगोलग माहीमही बळकावलं. वसईकरांनी मग ठाण्याच्या नि करंजाच्या नाक्यांवर मुंबईच्या होड्यांकडून जकात घ्यायला सुरुवात केली.

ज्या राजाला हे पत्र गेलं, त्याच्या घरात भाऊबंदकी पेटत होती. १६६२मध्ये आफोन्सोने आईला बाजूला सारून सत्ता घेतली. १६६६मध्ये त्याचं लग्न झालं सॅव्हॉयच्या मारिया फ्रांसिस्काशी. हीसुद्धा फ्रान्सशी जवळीक साधायला केलेली सोयरीक. वर्ष-सव्वा वर्षात राणी मठात जाऊन बसली : नवरा नवरेपणाला नालायक, लग्न रद्द करा. धाकट्या पेद्रूने भावाला सत्तेवरून हटवून कारभार हाती घेतला. मार्च १६६८मध्ये लग्न रद्द झालं आणि काही दिवसांत वहिनी त्याची बायको झाली. आफोन्सोला अझोर्समधल्या तेर्सेरा बेटावर धाडलं, नंतर सिंत्राच्या राजवाड्यात कोंडलं. तिथल्या त्याच्या खोलीतली झिजलेली फरशी आजही दाखवतात, येरझारा घालून झिजली म्हणतात. १६८३मध्ये तो तिथेच मेला.

गंमत म्हणजे, चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली तीही मार्च १६६८मध्येच, वर्षाला दहा पौंड खंडाने. दोन्ही देशांच्या दिनदर्शिकांत दहा दिवसांचं अंतर होतं, पण दोन्हीकडच्या कागदांवर महिना मार्चच. वसईकरांनी ज्यासाठी एवढा जीव टाकला, ती मुंबई राजाला परवडेना.

कॅथरीनच्या नशिबी काय आलं? नवऱ्याने आपल्या अंगवस्त्राला, लेडी कॅसलमेनला, तिच्याच सेवेत नेमायचा घाट घातला. समोर ती उभी राहिल्यावर राणीच्या नाकातून रक्त आलं आणि ती कोसळली. मूल झालं नाही. १६७८मध्ये कॅथलिक कटाची आवई उठली, तेव्हा राणी राजाला विष घालणार होती असा आरोप झाला. काडीमोड घ्या, असं लोक म्हणत असताना हा बाहेरख्याली माणूस तिच्या पाठीशी उभा राहिला. याला प्रेम म्हणायला मी धजावणार नाही. पण सिंत्रातल्या भावाच्या नि वहिनीच्या संसारापेक्षा हा संसार बरा, एवढं खरं. चार्ल्स गेल्यावर ती माहेरी परतली. पेद्रू आजारी पडला, तेव्हा राज्याचा कारभार तिनेच पाहिला आणि ३१ डिसेंबर १७०५ला ती वारली.

गुप्त कलमात नाव होतं डचांचं. मराठ्यांचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. १७३९मध्ये चिमाजीअप्पांचा वेढा आवळत गेला, तेव्हा वसईने मुंबईच्या इंग्रजांकडे हात पसरले. पदरात पडलं ते अपुरंच. मेमध्ये किल्ला पडला. सन्मानाने बाहेर पडायची मुभा मिळालेले पोर्तुगीज सैनिक गलबतांतून मुंबईला गेले. जुलैत त्याच मुंबईचा वकील, कॅप्टन इंचबर्ड, चिमाजीअप्पांशी तह करायला वसईत हजर होता.