माशापासून माउलीपर्यंत : ख्रिस्ती कलेतील प्रतीकांची भाषा

भिंगार हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराला लागून असलेले छावणीचे गाव. १८०३ मध्ये नगरचा भुईकोट किल्ला ब्रिटिशांच्या हाती गेला आणि पुढील काळात या परिसरात लष्करी ठाणे वसले. अशा छावण्यांबरोबर चर्च आली, दफनभूमी आल्या आणि त्यांच्यासोबत प्रतीकांची एक भाषाही आली. ब्रिटिशकालीन थडग्यांवर क्रुसाखेरीज जहाजाचा नांगर, मध्येच तुटलेला खांब, कबूतर किंवा ‘आयएचएस’ ही अक्षरे कोरण्याचा प्रघात होता. देशावरच्या माणसाला नांगर म्हटले की शेत आठवते. थडग्यावरचा नांगर मात्र आशेचा असतो, कारण बायबलमधील इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. तुटलेला खांब अकाली संपलेले आयुष्य सांगतो, तर कबूतर पवित्र आत्मा आणि शांती सुचविते.

या भाषेचा उगम रोमन साम्राज्यात आहे. पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती धर्माला तेथे राजमान्यता नव्हती आणि अनुयायांचा वेळोवेळी छळही होत असे. रोमजवळच्या भुयारी दफनस्थळांत त्यांनी साधी चिन्हे रेखाटली. त्यांपैकी मासा सर्वांत प्रसिद्ध. माशाला ग्रीक भाषेत ‘इख्थिस’ म्हणतात. या शब्दाच्या पाच अक्षरांतून ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांची आद्याक्षरे मिळतात. ही चिन्हे ख्रिस्ती लोकांनी नव्याने घडविली नव्हती. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने श्रद्धावंतांना मुद्रेच्या अंगठीवर कबूतर, मासा, गलबत, वीणेसारखे वाद्य किंवा नांगर कोरावा, असा सल्ला दिला. बाजारात सर्रास मिळणाऱ्या आकृतींतून त्याने आपल्या श्रद्धेला साजेशा आकृती निवडल्या होत्या.

आज ख्रिस्ती धर्माची ओळख ठरलेला क्रूस आरंभीच्या कलेत क्वचितच दिसतो. क्रूस हे गुलाम आणि बंडखोर यांना अपमानास्पद मृत्युदंड देण्याचे साधन होते. ती शिक्षा डोळ्यांसमोर घडत असताना तिचे चित्र पूजनीय वाटणे कठीणच होते. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टन्टाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला आणि क्रूस विजयाचे चिन्ह बनला. तरीही क्रुसावरील ख्रिस्ताचे दर्शन घडविणारी आरंभीची शिल्पे पाचव्या शतकातील आहेत. रोममधील सान्ता साबिना चर्चच्या लाकडी दारावर असे एक शिल्प आहे.

‘आयएचएस’ या अक्षरांचे इंग्रजी शब्द जुळवून अनेक अर्थ लावले जातात. प्रत्यक्षात ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे आहेत. जेझुइट संघाने ती आपल्या मुद्रेवर घेतली. जुन्या गोव्यातील, १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या बॉम जेझुस बॅसिलिकेच्या दर्शनी भागावर ती आजही दिसतात. मोराचे उदाहरणही बोलके आहे. मोराचे मांस कुजत नाही, अशी प्राचीन समजूत असल्याने युरोपातील ख्रिस्ती कलेत तो अमरत्वाचे चिन्ह ठरला. आपल्याकडे तोच मोर कार्तिकेयाचे वाहन आहे. पक्षी एकच, पण अर्थ पाहणाऱ्याच्या परंपरेने दिलेला.

नगर जिल्ह्यात या भाषेच्या दोन बोली शेजारी शेजारी नांदतात. १८३१ मध्ये नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची प्रॉटेस्टंट परंपरा साधेपणाची. तेथील रिकामा क्रूस पुनरुत्थानाची आठवण देतो. कॅथॉलिक चर्चमधील क्रुसावर ख्रिस्ताची मूर्ती असते आणि ती त्याच्या वेदनेवर दृष्टी खिळवते. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला मरियामातेची यात्रा भरते. तेथे तिला ‘मतमाउली’ म्हणतात.

‘माउली’ या शब्दातच या इतिहासाचे मराठी वळण आहे. नगरमध्ये अनेक वर्षे राहिलेले कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तभक्तीला अभंग आणि कीर्तनाचे रूप दिले. नगर भागात मिशनरी म्हणून काम केलेले जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये भारतीय आश्रमपद्धतीवर ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. पुढे या परंपरेच्या पुण्यातील आश्रमात गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी वास्तव्य केले. त्यांनी मरियेला साडी नेसवली आणि बायबलमधील प्रसंग भारतीय परिसरात रंगविले. गोव्यात या चित्रांना विरोध झाला. अनेकांच्या मनात मरियेचे युरोपीय रूपच पवित्र म्हणून ठसले होते. पण तेही मूळचे नव्हतेच. पॅलेस्टाईनमधील ज्यू मातेला युरोपच्या चित्रकारांनी आपल्या देशाचा चेहरा आणि पोशाख दिला होता. फोन्सेका यांनी तेच आपल्या मातीत केले. ज्याला भेसळ म्हटले गेले, ती खरे तर या कलेची सर्वांत जुनी रीत होती.

म्हणूनच छावणीतील नांगर आणि हरेगावची माउली ही एकाच प्रवाहाची दोन वळणे आहेत. दगडावरची अक्षरे ऊन-पावसाने झिजतात. त्यांचा अर्थ त्याहूनही लवकर विसरला जातो. जुन्या थडग्यावरचे चिन्ह वाचता आले, तर त्या दगडाखालच्या माणसाच्या आप्तांनी दुःखात कशाचा आधार घेतला होता, हे आजही कळू शकते.