पुराआधी बोटीचे इंजिन तपासा



८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. २०२१ मध्येही कृष्णाकाठी पूर आला. साताऱ्यात शिवसागर जलाशयाकाठच्या तापोळा, बामणोली भागात तर एरवीही बोटीने ये-जा चालते. म्हणून बोटीच्या मागे बसवतात त्या आउटबोर्ड इंजिनाविषयी ही थोडी माहिती.

पावसाळ्यापूर्वी काय करावे?

१. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. बहुधा १ लिटरला २० मिली. तरी कंपनीच्या पुस्तिकेतले प्रमाणच पाळावे. फोर-स्ट्रोकला मिसळू नये.

२. स्पार्क प्लग साफ करावा. गिअर ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, मेकॅनिकला दाखवावे.

३. इंजिन कोरडे चालवू नये. ते नदीच्याच पाण्याने थंड होते. पाण्याविना पंपातला रबरी पंखा लगेच खराब होतो. खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून महिन्यातून एकदा तरी इंजिन सुरू करावे.

पाण्यात असताना काय जपावे?

१. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालकाने अंगाला अडकवावीच. तो पडला तर दोरी सुटते आणि इंजिन थांबते.

२. इंजिनातून पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे. ती थांबली तर पाणी घेण्याच्या जाळीत कचरा किंवा प्लास्टिक अडकले असेल. इंजिन बंद करून साफ करावे.

३. पुरात उसाची पाने, दोर, कुंपणाची तार पंख्यात गुंततात. म्हणून वेग कमी ठेवावा. विजेच्या तारांपासून दूर राहावे.

४. पाण्यातल्या माणसाला वर घेताना इंजिन पूर्ण बंद करावे. नुसते न्यूट्रलवर ठेवणे पुरेसे नाही.

५. पेट्रोल काठावरच, इंजिन बंद करून भरावे. जवळ विडी-सिगारेट नको.

६. प्रत्येकाला लाइफ जॅकेट द्यावे. बोटीवर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नये. दुसरी फेरी करावी.

पूर ओसरल्यावर इंजिन स्वच्छ पाण्यात चालवून आतला गाळ धुऊन काढावा.

गावाला बोट देण्यासाठी आपण आनंदाने हातभार लावतो. पण प्लग, ऑइल, जॅकेट आणि चालकाचे प्रशिक्षण यांसाठी दरवर्षी थोडी रक्कम लागते. पुढच्या वेळी देणगी देताना एवढे जरूर विचारा : ‘गेल्या वर्षीची बोट आज सुरू होते का?’