विश्लेषण : दहा हजार ‘एमएएच’ची पॉवर बँक फोन दोनदा का चार्ज करीत नाही?

फोनची बॅटरी ५,००० एमएएचची आणि पॉवर बँक १०,००० एमएएचची. हिशेब सोपा वाटतो, फोन दोन वेळा पूर्ण चार्ज व्हायला हवा. प्रत्यक्षात दुसऱ्या वेळी फोन निम्म्यापर्यंत येतो न येतो तोच पॉवर बँकेचे दिवे विझतात. दुकानदाराने फसवले, अशी शंका मग ग्राहकाला येते. बहुतेक वेळा ती चुकीची असते. काही वेळा मात्र फसवणूक खरोखरच झालेली असते आणि तिची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही. गेल्या काही वर्षांत पॉवर बँकांमुळे लागलेल्या आगींनंतर अनेक देशांनी आणि विमान कंपन्यांनी नियम कडक केले आहेत. त्यामुळे पॉवर बँक घेताना खोक्यावरचा मोठा आकडा सोडून काय काय वाचावे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

एमएएच हा आकडा नेमका काय सांगतो?

एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास. बॅटरी किती विद्युतभार साठवू शकते, याचे हे माप. मात्र त्यात व्होल्टेज धरलेले नसते. पॉवर बँकेतील लिथियम सेल साधारण ३.७ व्होल्टचे असतात आणि खोक्यावरचे १०,००० एमएएच हे त्या व्होल्टेजवरचे असतात. यूएसबीमधून बाहेर पडणारी वीज सहसा किमान ५ व्होल्टची असते. व्होल्टेज वाढवले की एमएएच त्याच प्रमाणात घटतात.

म्हणून तुलना करायची ती वॉट-तासांत. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास, त्याला ३.७ ने गुणले की ३७ वॉट-तास होतात. हीच ऊर्जा ५ व्होल्टवर मोजली तर ७,४०० एमएएच भरते. त्यातली दहा-पंधरा टक्के ऊर्जा व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटमध्ये उष्णतेच्या रूपाने जाते. केबलमध्ये आणि फोनच्या आतील सर्किटमध्येही थोडी गळती होते. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची असते. सगळी वजाबाकी केली की फोन जेमतेम दीड वेळा चार्ज होतो. चार्जिंग सुरू असताना व्हिडीओ पाहिला किंवा हॉटस्पॉट लावला तर त्याहून कमी.

खरी क्षमता कुठे लिहिलेली असते?

बहुतेक चांगल्या पॉवर बँकांवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ छापलेली असते. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर तिथे साधारण ५,८०० ते ६,५०० एमएएच आणि पुढे ५ व्होल्ट असे दिसते. ग्राहकाच्या कामाचा आकडा तोच. दोन कंपन्यांच्या पॉवर बँका १०,००० एमएएचच्या असतील तर ज्या पॉवर बँकेची रेटेड कपॅसिटी जास्त, तिचे सर्किट ऊर्जा कमी वाया घालवते. हा आकडा कुठेच नसेल, तर ती वस्तू विकत घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

किती क्षमतेची पॉवर बँक पुरते?

रोजचा लोकल किंवा एसटीचा प्रवास, कार्यालय आणि घर एवढाच वापर असेल तर १०,००० एमएएच पुरेसे आहे. तिचे वजन साधारण दोनशे ग्रॅम असते आणि ती खिशात मावते. वीज नसलेल्या गडावर दोन दिवसांचा ट्रेक, गावाकडचे भारनियमन किंवा आषाढी वारीसारखी तीन आठवड्यांची पायी वाटचाल असेल, तर २०,००० एमएएचचा विचार करावा. मुक्कामाच्या ठिकाणी एका प्लगसाठी दहा जण रांगेत असतात, तेव्हा फोन साधारण तीन वेळा भरणारी पॉवर बँक उपयोगी पडते. मात्र तिचे वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या घरात जाते.

रेल्वेने लांबचा प्रवास करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आगीचा धोका टाळण्यासाठी रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत डब्यांतील चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याचा निर्णय रेल्वेने २०२१ मध्ये घेतला. पहाटे उतरायचे असेल आणि तिकीट फोनमध्येच असेल, तर पॉवर बँक आधी घरी पूर्ण भरून घेतलेली बरी.

वॉटचा आकडा का महत्त्वाचा?

एमएएच किती साठते ते सांगतो, वॉट किती वेगाने मिळते ते. जुन्या पद्धतीचा पोर्ट ५ व्होल्ट आणि २ अँपिअर, म्हणजे १० वॉट देतो. आजच्या बहुतेक फोनना त्याहून जास्त वेग झेपतो. त्यासाठी पॉवर बँक आणि फोन यांची ‘भाषा’ एक असावी लागते. ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ म्हणजे पीडी हे त्यातले सर्वाधिक कंपन्या मानत असलेले मानक. २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ पासून आयफोनलाही टाइप-सी पोर्ट असल्याने एकच पीडी पॉवर बँक घरातल्या बहुतेक फोनना चालते. काही कंपन्यांच्या फोनचे ६५ किंवा ८० वॉटचे चार्जिंग मात्र त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचे असते. असे फोन इतर पॉवर बँकेवर चार्ज होतात, पण तो वेग मिळत नाही. त्या वेगासाठी जादा पैसे मोजण्याआधी फोन कोणते मानक स्वीकारतो ते पाहावे.

पॉवर बँक स्वतः किती वेगाने भरते, हेही तितकेच महत्त्वाचे. २०,००० एमएएचची पॉवर बँक १० वॉटने भरायला आठ-नऊ तास लागतात. २० वॉटचे इनपुट आणि तेवढ्याच क्षमतेचा चार्जर असेल तर हे काम साडेचार तासांवर येते. दोन-तीन पोर्ट असतील तर ‘२२.५ वॉट’ हा आकडा एका पोर्टचा की सर्व पोर्ट मिळून, हे वाचावे. दोन फोन एकदम लावले की बहुतेक पॉवर बँकांचा वेग घटतो. वायरलेस चार्जिंग सोयीचे असले तरी त्यात केबलपेक्षा जास्त ऊर्जा वाया जाते.

बनावट पॉवर बँक कशी ओळखावी?

स्थानकाबाहेरच्या स्टॉलवर चारशे रुपयांत ‘५०,००० एमएएच’ मिळत असेल तर तो आकडा वजनावर तपासता येतो. एक किलो लिथियम-आयन सेलमध्ये साधारण २०० ते २५० वॉट-तास ऊर्जा मावते. ५०,००० एमएएच म्हणजे १८५ वॉट-तास, म्हणजे नुसत्या सेलचे वजन पाऊण किलोच्या आसपास हवे. हातात घेतलेली वस्तू दोनशे ग्रॅमची असेल तर आकडा खोटा आहे, यात शंका नाही. वजन भरावे म्हणून आत वाळू किंवा लोखंडाचे तुकडे घातलेल्या पॉवर बँकाही सापडल्या आहेत. त्यामुळे वजन कमी असेल तर नाकारावे, पण वजन भरते म्हणून लगेच विश्वास ठेवू नये.

दुसरी तपासणी बीआयएसची. भारतात पॉवर बँकेसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर मानक चिन्हासोबत ‘आयएस १३२५२’ आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक असायला हवा. ‘बीआयएस केअर’ या मोफत अॅपमध्ये हा क्रमांक टाकला की नोंदणी कोणत्या उत्पादकाची, कोणत्या वस्तूची आणि ती अद्याप वैध आहे का, हे समोर येते. क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर पॉवर बँक परत करावी. दुकानातच, पैसे देण्याआधी हे केले तर उत्तम. पक्के बिल घ्यावे. वॉरंटी आणि तक्रार दोन्हींसाठी ते लागते.

आग का लागते?

लिथियम सेलमध्ये धन आणि ऋण ध्रुवांमध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. सेल चेपला, जास्त चार्ज झाला, फार तापला किंवा बनवतानाच आत दोष राहिला, तर हा पडदा फाटून आत शॉर्टसर्किट होते. उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, क्रियेने उष्णता वाढते आणि काही सेकंदांत सेल पेटतो. हे टाळण्यासाठी चांगल्या पॉवर बँकेत चार्जिंग ठरावीक व्होल्टेजला थांबवणारे, शॉर्टसर्किट झाल्यास वीज तोडणारे संरक्षक सर्किट असते. स्वस्त मालात पहिली काटछाट इथेच होते आणि कधी कधी आत जुने, वापरलेले सेलही भरलेले असतात.

अर्थात नामांकित कंपनी म्हणजे पूर्ण हमी नव्हे. अँकर कंपनीने जून २०२५ मध्ये आगीच्या धोक्यामुळे अमेरिकेत विकलेल्या ११ लाखांहून अधिक पॉवर बँका परत मागवल्या. फरक एवढाच, की अशा वेळी मॉडेल क्रमांकावरून आपली वस्तू त्यात आहे का हे ग्राहकाला तपासता येते. नाव-पत्ता नसलेल्या मालाबाबत ती सोय नसते.

विमानात कोणती पॉवर बँक चालते?

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसानच्या गिम्हे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीतील एअर बुसानच्या विमानाला आग लागली. विमानातील सर्व १७६ जण बाहेर पडले. ही आग पॉवर बँकेतील बिघाडामुळे लागली असावी, असे तपासात पुढे आले. त्यानंतर दक्षिण कोरियाने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली. चीनने २८ जून २०२५ पासून आपल्या सुरक्षा चिन्हाविना असलेल्या पॉवर बँका देशांतर्गत विमानांत नेण्यावर बंदी घातली.

पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवता येत नाही, ती केबिन बॅगेतच हवी. हा नियम भारतातही आहे. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सहसा परवानगीशिवाय नेता येते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची मंजुरी लागते आणि त्यापुढे बंदी. म्हणजे २०,००० एमएएच (७४ वॉट-तास) चालते, ३०,००० एमएएच (१११ वॉट-तास) विनापरवाना चालत नाही. आकडे पुसलेले असतील तर सुरक्षा तपासणीत पॉवर बँक काढून घेतली जाऊ शकते. काही कंपन्यांनी विमानात तिच्या वापरावरही बंदी घातल्याने निघण्यापूर्वी नियम वाचावेत.

वापरताना आणि टाकून देताना काय करावे?

पॉवर बँक उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नये. उन्हात उभ्या गाडीत ती सोडू नये. महिनोन्महिने वापर नसेल तर निम्मी भरून थंड जागी ठेवावी आणि अधूनमधून तपासावी. ती फुगली, कवच उकलले, विचित्र वास आला किंवा हाताला चटका बसू लागला, की वापर त्याच क्षणी थांबवावा. फुगलेली पॉवर बँक दाबू नये, टोचू नये, उघडून दुरुस्तही करू नये.

ती कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये, कारण कचरागाडीत चेपली गेली तर तिथेच पेटू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे जुनी पॉवर बँक कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.