स्टिअरिंगला 'प्ले' आलाय? टायरॉड एंड घरी बदलताना



गळीत हंगामात घरच्या मोटारीकडे बघायला कुणाला सवड नसते. तोड, भरणी, काट्यावरची रांग यातच दिवस जातो. आणि नेमक्या त्याच महिन्यांत, ट्रॉल्यांनी चाळण केलेल्या रस्त्यांवरून ती मोटार धावत असते. हंगाम सरला की मग जाणवतं. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाक हलत नाही, खड्ड्यात पुढून 'टक' असा आवाज येतो, पुढचा टायर एकाच कडेनं खरडला गेलाय. त्यावर घरात कुणीतरी म्हणतंच, "जुनी गाडी आहे, चालायचंच." ते चालू देऊ नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

मारुती ८०० चं उदाहरण घेऊ. १९८३ साली ती रस्त्यावर आली, २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तरी गावोगावी ती अजून दिसते. स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला लहान दातेरी चाक असतं. ते एक दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकवतं. या पट्टीला रॅक म्हणतात. रॅकच्या दोन्ही बाजूंना दांडे, आणि दांड्याच्या टोकाला चाकाशी जोडणारा सांधा म्हणजे टायरॉड एंड. आपल्या खुब्यासारखाच हा सांधा. वाटीत गोळी आणि वर रबरी टोपी. टोपी फाटली की धूळ-पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि गोळी वाटी खाऊ लागते. पुरती झिजल्यावर एखाद्या खड्ड्यात गोळी वाटीतून निसटते. तेव्हा स्टिअरिंग आपल्या हातात असतं, पण ते चाक आपल्या मनानं जातं. गाडीत लेकरंबाळं असताना ही पाळी कुणावरही येऊ नये.

दोष कुठे आहे ते आधी ओळखा. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एकानं स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवावं, दुसऱ्यानं सांध्यावर हात ठेवावा. ढिला सांधा हाताला लगेच कळतो. मग चाक उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. तिथे खडखडलं तर बहुधा टायरॉड. बारा आणि सहाच्या जागी हललं तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट बघावा लागेल. अशा वेळी कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा. हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा.

नवा भाग घेताना दुकानातच त्याची पिन हलवून बघा. ती घट्ट, जड फिरली पाहिजे. आपल्या वजनानं लुळी पडत असेल तर खोक्यावर कितीही मोठं नाव असो, परत करा. चार पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

काम सपाट, टणक जागेवर करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. उचलल्यावर खाली लोखंडी स्टँड हवाच. आपल्याकडे विटा रचायची सवय आहे, पण वीट पिचते. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये. काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवावं.

आटे गंजलेले असतात. आदल्या रात्रीच ब्रशनं साफ करून तेल सोडून ठेवा, निम्मी झटापट वाचते. दांड्यावरचा लॉक नट किंचितच सैल करा आणि त्याची जागा पेंटनं खुणवा. स्प्लिट पिन काढा. वरचा नट सोडा, पण दोन-तीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे सांधा एकदम उसळून अंगावर येणार नाही. आता पिनेच्या टोकावर हातोडा घालायचा नाही. पिन ज्या भोकात बसली आहे, त्या लोखंडी हाताच्या बाजूवर घाव घालायचा, समोरून दुसरा जड हातोडा टेकवून. पिन निमुळती असते, दोन-चार घावांत सुटते.

जुना एंड दांड्यावरून काढताना फेरे मोजा आणि कागदावर लिहा. नवा तेवढेच फेरे बसवा. नव्याची लांबी किंचित वेगळी असू शकते, म्हणून लॉक नटपासून पिनेच्या मध्यापर्यंतचं मापही आधी घेतलेलं बरं. निमुळती पिन पुसून कोरडी बसवा. तिथे ग्रीस नको. नट आवळल्यावर भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा, मागे सैल करून जुळवू नका. स्प्लिट पिन नवीच घाला. बैलगाडीच्या आसाला खीळ असते तेच तिचं काम, आणि जुनी सरळ करून घातलेली पिन मोडते. जीप किंवा ट्रॅक्टरच्या अखंड टायरॉडला एका टोकाला उलटा आटा असतो, हेही ध्यानात असू द्या; नाहीतर आवळत बसाल.

झिजलेल्या सांध्यावर वेल्डिंग मारून घेणारे लोक आहेत. काम भागतं म्हणतात. स्टिअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग करू नये, वाकलेला दांडा तापवून सरळही करू नये. तसंच रॅक, आतला सांधा, जीपचं किंगपिन किंवा स्टिअरिंग बॉक्स ही मिस्त्रीचीच कामं. नव्या गाड्यांत स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, त्याच्या वाटेला घरी जाऊच नये.

फेरे बरोबर मोजले तरी अलाइनमेंट करून घ्यावीच लागते. तिथपर्यंत गाडी हळू न्या. चाक एक अंश जरी तिरपं राहिलं, तरी किलोमीटरमागे ते सुमारे १७ मीटर आडवं घासत जातं. जिल्ह्याचं ठिकाण ४० किलोमीटरवर असेल तर एका खेपेत जवळजवळ ७०० मीटर! टायर महिन्या-दोन महिन्यांत का गेला, याचं उत्तर बहुधा इथेच सापडतं. अलाइनमेंट करणाऱ्याला एंड बदललाय हे आवर्जून सांगा, आणि लॉक नट त्यानं शेवटी आवळला का ते उभं राहून बघा. मग त्या नटवर पेंटची नवी रेघ ओढा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर वाकून बघा, रेघ जागची हलली तर नाही ना.