काच जोडताना, काच विकताना

आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने गेल्या सत्रात कलाकक्षात दोन दिवस काच वितळवून वस्तू बनविण्याचे प्रात्यक्षिक दाखविले. तेव्हापासून मुले घरून काच आणू लागली आहेत. कुणी आईच्या वाढलेल्या बांगड्या आणतो, कुणी सरबताची बाटली, कुणी खिडकीचे तडकलेले तावदान. पालकांचे दोन प्रश्न आमच्याकडे वारंवार येतात. हे मुलांच्या हाती देण्यासारखे आहे का? आणि यातून चार पैसे खरोखर सुटतात का? विश्वस्त मंडळापुढेही लहान विजेची भट्टी घेण्याचा विषय ठेवलेला आहे. तेव्हा हे काम नेमके काय आहे, हे सर्वांना एकदा नीट कळावे म्हणून हा लेख.

काचेच्या थंड पट्ट्या कापून एकावर एक रचायच्या आणि भट्टीत त्या एकजीव होईपर्यंत तापवायच्या, याला ग्लास फ्यूजिंग म्हणतात. फुंकून काच घडविणारा कारागीर वितळलेल्या काचेशी खेळतो. इथे मात्र सारे हातकाम थंड काचेवर होते, पुढचे काम भट्टी करते. ही रीत नवी नाही. रोमन लोक रंगीत काचेचे तुकडे साच्यात वितळवून नक्षीदार वाडगे करीत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास फुंकनळी आली, भांडी झटपट आणि स्वस्त होऊ लागली, तशी ही रीत मागे पडली. विसाव्या शतकात कलाकारांनी ती पुन्हा उचलली. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात १९७४ मध्ये सुरू झालेल्या बुल्सआय या कारखान्याने पुढे एकमेकींशी जुळतील अशा तपासलेल्या रंगीत काचा बाजारात आणल्या आणि घरच्या भट्टीवर काम करणाऱ्यांचा मार्ग सोपा झाला.

'एकमेकींशी जुळतील' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मुलांनी आणलेल्या बांगड्या आम्ही बाजूला का ठेवल्या, त्याचे उत्तर त्यातच आहे.

तापल्यावर बहुतेक पदार्थ वाढतात आणि निवल्यावर आकसतात. काचही तशीच, पण सर्व काचा सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. या कलेतले लोक काचेला तिच्या प्रसरणांकावरून ओळखतात. कुणी ९० ची काच म्हणतो, कुणी ९६ ची. खिडकीची साधी काच सुमारे ८५ ची असते, प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काच ३३ ची. हे आकडे म्हणजे एक अंश सेल्सियसला एक कोटी भागांत किती भाग वाढ होते ते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी वही घ्यावी आणि गणित करून पाहावे. ३० सेंटिमीटर लांबीची ९० ची पट्टी ५०० अंशांनी निवली तर १.३५ मिलिमीटर आकसते. तेवढीच खिडकीची पट्टी आकसते सुमारे १.२७ मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. पण दोन्ही पट्ट्या आता जोडलेल्या आहेत, कुणालाच आपल्या मनासारखे आकसता येत नाही. एक ओढते, दुसरी दाबली जाते. कधी भट्टी उघडताच तडा दिसतो, तर कधी वस्तू महिनाभर खिडकीत सुखाने उभी राहते आणि एखाद्या थंड रात्री आपोआप दुभंगते. ती त्या वेळी विकत घेणाऱ्याच्या घरी असेल, तर विकणाऱ्याचे नाव गेले.

बांगड्यांचे हेच आहे. एका डब्यातल्या चार बांगड्या चार निरनिराळ्या भट्ट्यांतल्या काचेच्या असू शकतात. बाटल्यांचेही तसेच. एकाच बाटलीचे तुकडे आपसांत जुळतील, दोन निराळ्या बाटल्यांचे जुळतीलच असे नाही. आमची माजी विद्यार्थिनी बाहेरदेशची महाग काच क्वचितच वापरते. काच कापणाऱ्या दुकानातून एकाच तावदानाचे उरलेले तुकडे ती घेते आणि त्या काचेशी जुळणारी रंगाची भुकटी वर पसरते. एका तावदानाच्या तुकड्यांवर ती त्याच दिवशी एकच खूण करून ठेवते. तिची सगळी शिस्त या खुणेपासून सुरू होते, असे आमचे मत झाले.

जोड पक्का आहे की नाही हे पाहण्याची एक सुंदर युक्ती आहे, आणि तिचे साहित्य आपल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पडून आहे. पोलरॉइडचे दोन तुकडे एकमेकांना आडवे धरले की प्रकाश अडतो, पलीकडे काळोख दिसतो. मध्ये निवांत काच ठेवली तर काळोख तसाच राहतो. काचेत ताण असेल तर जोडाभोवती उजेडाची किनार चमकते. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या वस्तूचे पोटातले दुखणे असे उघडे पडते. अकरावी-बारावीला हा धडा शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

आता भट्टीतला प्रवास. तळाच्या फरशीला काच चिकटू नये म्हणून आधी तिच्यावर चिनी माती आणि अॅल्युमिनाचा लेप देतात. ९० ची काच साधारण ६५० अंशांना मऊ होऊन साच्यात वाकते. ७३० ते ७६० ला तुकडे चिकटतात, कडा गोलसर होतात, पण उठाव राहतो. ८०० च्या थोडे वर गेले की सारे सपाट आणि एकजीव. खिडकीच्या काचेला याहून तीस-चाळीस अंश जास्त लागतात. आणखी एक गंमत आहे. वितळलेल्या काचेला सुमारे ६ मिलिमीटर जाडी आवडते. ३ मिलिमीटरची एकच पट्टी पूर्ण वितळू दिली तर ती आत ओढली जाते आणि कडेला काटे येतात. तीन थर रचले तर पसरून बाहेर वाहते. दोन थर ठेवावेत, हा नियम त्यातूनच आलेला आहे.

मुलांना वाटते की भट्टी तापली की काम झाले. खरे काम त्यानंतरचे आहे. काच बाहेरून आधी निवते आणि घट्ट होते, आतला भाग अजून गरम असतो. तो मागाहून आकसू पाहतो तेव्हा बाहेरचे कवच त्याला आकसू देत नाही. हा ताण राहू नये म्हणून काचेला वाटेत थांबवतात. याला अनीलिंग म्हणतात, आपण निववणे म्हणू. ९० च्या काचेला सुमारे ४८० अंशांवर तासभर थांबवायचे, मग ताशी ऐंशी-एक अंशांनी खाली आणायचे. हा हिशेब ६ मिलिमीटर जाडीचा. इंचभर जाड वस्तू असेल तर नुसते थांबणेच चार तासांचे, आणि पुढची उतरण ताशी १५ अंशांची. छोट्या बशीसाठीही भट्टी आज संध्याकाळी लावली तर उद्याच उघडायची. दार किलकिले करून डोकावण्याचा मोह ज्याला आवरत नाही, त्याने या कामात न पडलेले बरे. (आमच्या शिक्षकवर्गातही असे एक-दोघे आहेत!)

जाता जाता एक गैरसमज. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो. तिथे काचेला 'अतिशीतित द्रव' म्हणत, आणि जुन्या वाड्यांच्या तावदानांची काच हळूहळू खाली ओघळून तळाशी जाड झाली, असेही ऐकायला मिळे. ते खरे नाही. जुन्या काळी तावदानेच एकसारख्या जाडीची होत नसत. घरातल्या तापमानाला काच वाहत नाही.

रंगांचेही स्वभाव असतात. तांबे असलेली फिरोजी काच आणि गंधक असलेली पिवळी काच शेजारी ठेवली तर भट्टीत त्यांच्यामध्ये तपकिरी रेघ उमटते. माहीत नसेल तर काम बिघडले असे वाटेल. माहीत असेल तर तीच रेघ चित्राच्या कामी येते. हे ज्ञान वहीतून येते. कोणती काच, किती अंश, किती वेळ आणि काय झाले, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवलेच पाहिजे.

आता पैशाकडे वळू. आपल्या शहराला मेळा नवा नाही. माधवराव शिंदे यांच्या काळात, १९०५ मध्ये, ग्वाल्हेरचा मेळा सुरू झाला आणि येथील मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांची हिवाळ्यातली खरेदी तिथे झाली. दिल्ली हाट १९९४ मध्ये उघडले, तिथे कारागिरांना पंधरा-पंधरा दिवसांसाठी पाळीने गाळे मिळतात. सूरजकुंडचा मेळा १९८७ पासून भरतो. जागा पुष्कळ आहेत. अडचण भावाची आहे.

एक हिशेब मांडतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, काम मात्र खरे आहे. पेल्याखाली ठेवायची दहा सेंटिमीटरची चौकोनी तबकडी घ्या. काच आणि रंग ८० रुपये, वीज आणि लेप २० रुपये, झाले १००. पण पाचातली एक बिघडते, म्हणून विकण्याजोग्या तबकडीमागे १२५ धरावे लागतात. पुठ्ठ्याचा डबा आणि कागद १५. तीन दिवसांच्या गाळ्याचे भाडे ३,००० आणि विक्री साठ नगांची, म्हणजे नगामागे ५०. हिरकणीने कापणे, कडा घासणे, धुणे, रचणे यांत चाळीस मिनिटे जातात. ताशी ६० रुपये म्हटले तर ४० रुपये, बिघडलेल्या तबकडीची मेहनत धरून ५०. बेरीज २४० रुपये, आणि यात नफा एक पैसाही नाही. गिऱ्हाईक मात्र समोर उभे राहून म्हणते, "पचास में दे दो."

शाळांच्या आनंदमेळ्यात ती पन्नासला जाते आणि सगळे खूश होतात, कारण सामान पालकांनी आणलेले असते आणि मुलांची मेहनत कुणी मोजत नाही. तिथे शिकण्याचा आनंद आहे, म्हणून ते ठीक. पण शेजारच्या गाळ्यावर जी बाई याच कामावर घर चालवते, तिचा भाव आपण पाडतो. त्यासाठी शाळेच्या गाळ्यावरील प्रत्येक वस्तूवर पूर्ण खर्चाचा भाव लिहिलेला असेल आणि मेहनतीची रक्कम वेगळी दाखवलेली असेल. वस्तू कमी विकल्या गेल्या तरी चालेल.

मेहनत न मोजण्याची सवय कुठवर जाते, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. आग्र्याच्या पुढे फिरोजाबाद आहे. तिथे बांगडीची दोन टोके लहान ज्योतीवर जोडण्याचे काम, त्याला 'जुडाई' म्हणतात, घराघरांत नगावर चालत आले आहे, आणि त्या ज्योतीसमोर मुलेही बसत आली. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या अनुसूचीत काचेचे काम, बांगड्यांसह, नाव घेऊन नोंदलेले होते. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास, घरचा व्यवसाय आणि बालकलाकार असे काही अपवाद सोडता, सरसकट मनाई झाली. आपल्या कलाकक्षाची तुलना त्याच्याशी कुणी करणार नाही. तरीही दोन पालकांनी, दिवाळीसाठी शंभर दिवे मुलांकडून करून द्याल का, असे विचारले आहे. त्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हटले. मागणी घेऊन माल पुरवायचा म्हटले की घड्याळ आले, घाई आली, आणि मुलगा शिकतो आहे हे बाजूला पडले. शाळा आगाऊ मागणी घेणार नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातून बरेचसे मिळाले असेल. नववीखालची मुले काच कापणार नाहीत, ती रचना कागदावर काढतील आणि रंगांची वही ठेवतील. कापताना डोळ्यांवर चष्मा हवा, कडा घासताना पाणी हवे, कोरडी भुकटी आणि लेप हाताळताना तोंडाला साधे फडके नव्हे तर बारीक धूळ अडवणारा मास्क हवा, कारण ही धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. भट्टी शिक्षकच लावतील.

गाळ्याबद्दल दोन गोष्टी. पांढऱ्या कापडावर आडवी ठेवलेली काच निर्जीव दिसते, तीच उजेडासमोर उभी केली की बोलू लागते. 'हात लावू नये' अशी पाटी नको, वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी. आणि विचारले नाही तरी सांगावे की ही बशी मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. काही रंगांत शिसे किंवा कॅडमियम असते, म्हणून रंगाची खात्री नसलेली कोणतीही वस्तू आपण खाण्याचे भांडे म्हणून विकणार नाही, शोभेची म्हणूनच देऊ.

भट्टीसाठी तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली आहेत. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीतील वायरिंग तपासून घेतल्याखेरीज खरेदी होणार नाही. तोवर मुलांनी घरून काच आणू नये. ज्यांच्या घरी तावदान बदलायचे असेल त्यांनी जुने तावदान अख्खे, वर्तमानपत्रात गुंडाळून, शनिवारी कार्यालयात द्यावे आणि त्यावर घरचे नाव लिहावे, म्हणजे एका तावदानाचे तुकडे एकत्र राहतील.