इंजिन उतरवायचंय? गिअरबॉक्ससकट की गिअरबॉक्सशिवाय?

रीलमध्ये इंजिन तीस सेकंदांत बाहेर येतं. मागे दणदणीत म्युझिक, चार-पाच कट आणि शेवटी साखळीला लटकलेलं तेलकट इंजिन. खऱ्या गॅरेजमध्ये त्या शेवटच्या फ्रेमपर्यंत पोचायला अख्खा दिवस जातो, कधीकधी दोन. तुम्ही आयटीआयला ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ करत असाल, पॉलिटेक्निकची इंटर्नशिप गॅरेजमध्ये चालू असेल किंवा जुनी गाडी घेऊन ती स्वतः उभी करायचं वेड डोक्यात असेल, तर पाना हातात घेण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर ठरवावं लागतं. इंजिन एकटं काढायचं की गिअरबॉक्ससकट?

आधी गाडीची मांडणी बघा

उत्तर बरंचसं गाडीच देते. अँबॅसिडर किंवा जुन्या जीपमध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं असतं. त्याच्या पाठीशी गिअरबॉक्स आणि तिथून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट. इथे रेडिएटर आणि पुढची जाळी काढली की इंजिन पुढे सरकवायला जागा मिळते. गिअरबॉक्स जागेवर ठेवून इंजिन एकटं वर घेता येतं.

१९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये मात्र ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आडवं बसवलेलं होतं. गिअरबॉक्स त्याच्या बाजूला आणि ताकद थेट पुढच्या चाकांना. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची मांडणी अशीच असते. बोनेटखाली इतकी दाटी असते की इंजिन बाजूला सरकवून गिअरबॉक्सपासून सोडवायला जागाच उरत नाही. मग दोन्हीची जोडी एकत्र काढणं सोपं पडतं. गंमत म्हणजे याच कुळातलं ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत पुढच्या सीटखाली उभं बसवलेलं होतं आणि चालवायचं मागच्या चाकांना. इंजिन सारखं, पण काढायची रीत वेगळी.

दोन टोकं बघायची असतील तर जुन्या परदेशी गाड्या आठवा. १९५९ च्या मिनीमध्ये अॅलेक इसिगोनिस यांनी गिअरबॉक्स चक्क इंजिनाच्या खाली, ऑइलच्या टाकीतच बसवला. दोघांचं ऑइलही एकच. तिथे ‘शिवाय’ हा पर्यायच नाही. उलट फोक्सवॅगन बीटलमध्ये इंजिन मागे, हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, कूलंट नाही. वायर, केबल आणि पेट्रोलची नळी सोडवली की गिअरबॉक्सला धरणारे मुख्य चार नट-बोल्ट काढायचे आणि इंजिन जॅकवर घेऊन खाली उतरवायचं.

मग काम काय आहे ते बघा

फक्त क्लचप्लेट बदलायची असेल, तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत इंजिनाला खालून आधार देऊन गिअरबॉक्स तेवढा उतरवतात. इंजिन हलवायची गरजच नसते. बोअरिंगसाठी किंवा क्रँकच्या कामासाठी इंजिन बाहेर हवंय, गिअरबॉक्स ठणठणीत आहे आणि जोडाचे बोल्ट हाताला येतायत, तर इंजिन एकटं काढा. एक्सल काढावे लागत नाहीत, गिअरचं ऑइल सोडावं लागत नाही. पण वरचे बोल्ट दिसतच नसतील, आंधळेपणाने पाना फिरवावा लागत असेल, तर जोडी बाहेर काढा आणि जमिनीवर, उजेडात वेगळी करा. काम वाढतं, एक्सल, गिअरची लिंक, गिअरबॉक्सचं माउंटिंग, सगळं सोडवावं लागतं. पण अंदाजपंचे काम करावं लागत नाही.

एक गोष्ट दोन्ही वेळा लक्षात ठेवा. जोड एकदा सुटला की क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील तिघंही समोर येतात. झिजलेली क्लचप्लेट ‘अजून चालेल’ म्हणून तशीच बसवली, तर काही महिन्यांनी हीच सगळी मजुरी गिऱ्हाइकाला पुन्हा भरावी लागते. त्यामुळे खोलायच्या आधीच विचारून घ्या.

वजनाआधी वायर

पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह तार काढणं. इंजिन थंड असतानाच कूलंट सोडा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी अंगावर येतं. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत नळीमध्ये दाब असतो, तो आधी काढा. एसीची गॅस मात्र हवेत सोडायची नाही. अनेक गाड्यांत असणारी १३४ए ही गॅस तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त घातक आहे. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर पाइपासकट बाजूला बांधून ठेवता येतो. नसेल जमत, तर मशीनवर गॅस काढून घ्या.

मग वायर आणि नळ्या. प्रत्येक सॉकेट काढण्याआधी मोबाइलवर फोटो, दोन्ही टोकांना मास्किंग टेप आणि टेपवर एकच नंबर. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत. एकाच जोडावर वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात आणि लांब बोल्ट चुकीच्या भोकात घातला तर आतला अॅल्युमिनियम फुटू शकतो. ही सगळी कटकट वाटते. पण गाडी पंधरा दिवस बोअरिंगवाल्याकडच्या इंजिनाची वाट बघत पडून राहते, तेव्हा ‘माझ्या लक्षात आहे’वर भरवसा ठेवायचा नसतो.

उचलताना

साध्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं वजनही शंभर किलोच्या पुढे जातं. गिअरबॉक्स धरला तर आणखी. साखळी इंजिनावरच्या उचलायच्या हुकांनाच लावा, इनलेट मॅनिफोल्डला नाही. ‘दोन टनांची’ क्रेन हात पूर्ण लांब केल्यावर दोन टन उचलत नाही. कुठल्या भोकाला किती वजन, हे हातावरच लिहिलेलं असतं. ते वाचा. गिअरबॉक्स गाडीतच राहणार असेल तर त्याच्याखाली आधी जॅक आणि लाकूड द्या, नाहीतर इंजिन सुटताच तो खाली झुकतो. जोडी काढताना इंजिनाचं तोंड वर आणि गिअरबॉक्सची शेपटी खाली असं तिरकं करून काढावं लागतं, म्हणून साखळी लावतानाच तो तोल बघा.

साखळी ताणली, इंजिन चार बोटं उचललं, की थांबा. बॅटरी फिरवा आणि चारी बाजूंनी हात फिरवून बघा. एखादी अर्थिंगची पट्टी, स्पीडोमीटरची केबल, हीटरची नळी हमखास राहिलेली असते. अडकलेलं इंजिन जोर लावून ओढलं, तर ते सुटतं तेव्हा झोका घेऊनच सुटतं.

आणि इथेच गॅरेजमधली एक जुनी सवय मोडायची वेळ येते. काहीतरी अडकलंय म्हटल्यावर उस्ताद सगळ्यात बारक्या पोऱ्याला म्हणतात, “जा रे, खाली घुसून बघ.” लटकत्या इंजिनाखाली कुणीही जायचं नसतं, बारक्यानं तर नाहीच. आधी इंजिन खाली टेकवा, गाडी स्टँडवर आहे याची खात्री करा, मग बघा. वजन हवेत असताना ‘थांबा’ म्हणायचा हक्क नव्या हेल्परलाही असतो, आणि तो म्हणाला की उस्तादांनीही थांबायचं असतं. उस्तादांना कामाच्या भरात न दिसलेली वायर खालच्या बाजूला उभ्या पोराला दिसू शकते.

परत बसवताना

इंजिन आणि गिअरबॉक्स जुळवताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटच्या खाचांत सरळ जावा लागतो. प्लेट आधी डमी शाफ्टने मध्यावर घ्या. जोडाचं वजन शाफ्टवर लटकू देऊ नका. दोन्ही तोंडं हातानेच एकमेकांना टेकली पाहिजेत. बोटभर फट राहिली म्हणून बोल्ट आवळून ओढून घेतलं, तर प्लेट वाकते किंवा हाउसिंगला तडा जातो. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्येच राहू द्यायचा असतो. तो पूर्ण आत न बसवता बोल्ट आवळले, तर आतला ऑइल पंप जातो.

इंजिन दुसरंच बसवणार असाल तर लक्षात ठेवा, इंजिन नंबर आरसीवर असतो. बदलाची नोंद आरटीओत करावी लागते. आणि सगळं बसवून झाल्यावर डब्यात एक बोल्ट उरला, तर तो कुठला हे सापडेपर्यंत चावी फिरवायची नाही.